पेटी आमची, कुलूप कोणाचे?

९ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारचा एक नियम देशात लागू झाला. इंटरनेटला जोडता येणारा सीसीटीव्ही कॅमेरा भारतात विकायचा असेल, तर उत्पादकाने तो आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घेतला पाहिजे. तपासणीसाठी कॅमेऱ्याचे हार्डवेअर, त्यातील सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही हजर केला पाहिजे. कंपन्यांनी ओरड केली. सरकारने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे केले. चर्चा झाली ती मुख्यतः चिनी कंपन्यांचे आता काय होणार, याची. आमच्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे आणि तो कोणी विचारला नाही. पेटीच्या आत काय चालते हे पाहण्याचा अधिकार सरकारला आहे, हे सरकारने या नियमाने मान्य केले. मग ज्याने खिशातले पैसे मोजून ती पेटी घरी आणली, त्याला तो अधिकार का नाही?

हा प्रश्न केवळ कॅमेऱ्याचा नाही. घरात इंटरनेट आणणारा राऊटर, टीव्हीखालचा सेटटॉप बॉक्स, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीला लावलेली फायबरची पेटी, या सगळ्यांच्या आत एक लहानसा संगणक असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, म्हणून आपण त्याला संगणक म्हणत नाही. पण त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि कारखान्यातच बसवून दिलेला प्रोग्राम आहे. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. आपला कोणता संदेश कोठे जाईल, कोणते संकेतस्थळ उघडेल, कोणाला बाहेरून आत येता येईल, हे सारे तो ठरवतो. थोडक्यात, त्या पेटीपुरता तो कायदाच असतो.

आम्ही वकिली करतो म्हणून ही तुलना सहज सुचली असे नाही. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने हरला विरुद्ध राजस्थान राज्य हा निकाल दिला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने अफूविषयीचा एक कायदा ठराव करून मंजूर केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याच कायद्याखाली एका माणसाला ५० रुपये दंड झाला. न्यायालयाने म्हटले की लोकांना जो कळवलाच नाही, जो त्यांना शोधूनही सापडला नसता, त्या कायद्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायात बसत नाही. दंड ५० रुपयांचा, पण तत्त्व मोठे. सगळी माणसे कायदे वाचत बसत नाहीत. तरीही कायदा वाचता आला पाहिजे, कारण वाचणारा कोणीतरी आपल्या बाजूने उभा राहू शकतो. जो नियम आमच्या घरात चालतो तो आम्हाला वाचता येऊ नये, ही स्थिती न्यायाची नाही.

आता येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यातील बहुतेक पेट्यांमधला मूळ प्रोग्राम त्या कंपन्यांचा नसतोच. तो असतो लिनक्स, आणि त्याच्या जोडीला बिझीबॉक्ससारखे लहान प्रोग्राम. जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी ते लिहिले आणि जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल नावाच्या परवान्याखाली सर्वांना दिले. रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केलेल्या या परवान्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची आहे. तिचे सूत्र सरळ आहे. प्रोग्राम वापरा, बदला, विका, पैसे मिळवा, आमची हरकत नाही. मात्र तुम्ही तो पुढे दुसऱ्याला देता तेव्हा त्याचा सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे, आणि तुम्हाला मिळालेले सर्व हक्क त्यालाही मिळाले पाहिजेत. कोड सोबत द्यायचा नसेल तर निदान तीन वर्षे चालेल असा लेखी देकार द्यावा लागतो की मागणाऱ्या कोणालाही आम्ही तो देऊ. वरच्याने घेतले तसे खालच्याला दिले पाहिजे, एवढीच ही अट. ती मान्य नसेल तर प्रत काढण्याचा अधिकारही नाही.

आमच्या कार्यालयातील राऊटरच्या खोक्यात एक घडी केलेला कागद होता. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत हाच देकार छापलेला होता. कोणी वाचत नाही असे कागद वाचणे हा आमचा धंदाच आहे. आम्ही दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवून सोर्स कोड मागितला. उत्तर आले की आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे. त्यानंतर आम्ही दोन स्मरणपत्रे पाठवली. संबंधित विभाग अद्याप सापडलेला नाही. छापलेला हक्क आणि हातात पडलेला हक्क यांतले अंतर आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

पण हे अंतर तोडता येते, हे २००३ साली सिद्ध झाले. लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा निळ्या-काळ्या रंगाचा घरगुती राऊटर बाजारात आणला. २००३ मध्ये सिस्को या बलाढ्य कंपनीने लिंक्सिसलाच सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच सुमारास लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आले की या राऊटरमध्ये लिनक्स आहे आणि सोर्स कोड मात्र कोणालाही दिलेला नाही. विचारणा सुरू झाली तेव्हा साखळी उघड झाली. सिस्कोने लिंक्सिस घेतली होती, लिंक्सिसने सॉफ्टवेअर तैवानच्या सायबरटॅन कंपनीकडून करून घेतले होते आणि आतली चिप ब्रॉडकॉमची होती. प्रत्येकाला आपल्यावरच्या किंवा आपल्याखालच्याकडे बोट दाखवता येत होते. ही पद्धत आपण सरकारी कंत्राटांत रोज पाहतो. परंतु परवान्याची अट साखळीतील प्रत्येक कडीला बांधते. शेवटी पेटीवर ज्याचे नाव होते, त्याला कोड जाहीर करावा लागला.

पुढे जे घडले ते कंपनीने योजले नव्हते. त्या जाहीर कोडाच्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. साध्या घरगुती राऊटरमध्ये लोकांनी महागड्या यंत्रांची कामे भरली. शेजारच्या इमारतींना जोडणारी जाळी उभारली, वाहतुकीचे नियंत्रण केले, सुरक्षेच्या चुका स्वतः दुरुस्त केल्या. कंपनीने ज्यांच्याकडे पाठ फिरवली अशा जुन्या पेट्यांना पुढे कित्येक वर्षे आयुष्य मिळाले. आज ओपनडब्ल्यूआरटी शेकडो प्रकारच्या यंत्रांवर चालते.

कंपनीचे उत्तरही लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००५ मध्ये त्याच राऊटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंद प्रणाली घातली गेली आणि मेमरी निम्म्यावर आणली गेली. फ्लॅश मेमरी ४ मेगाबाइटची २ झाली, रॅम १६ ची ८ झाली. पेटी बाहेरून तीच, नाव तेच, पण खुला प्रोग्राम आत मावणेच कठीण करून टाकले. ग्राहकांची मागणी संपेना, तेव्हा लिनक्स असलेली जुनी रचना जीएल अशा वेगळ्या नावाने पुन्हा विकायला काढली. म्हणजे हक्क नाकारता आला नाही, तर जागा नाकारायची. आणि जागेची मागणी वाढली, तर वेगळी पाटी लावून तीच विकायची!

हा परवाना न्यायालयात टिकेल का, अशी शंका सुरुवातीला मोठमोठे वकील घेत असत. त्याचे उत्तर २००४ मध्ये जर्मनीतून आले. लिनक्समधील नेटफिल्टर या जाळे-नियंत्रणाच्या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांनी साइटकॉम या राऊटर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि मे २००४ च्या निकालात तो कायम ठेवला. २००७ मध्ये न्यूयॉर्कला बिझीबॉक्सच्या लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर दावा केला आणि काही आठवड्यांतच कंपनीने तडजोड केली. २०१० मध्ये तेथेच वेस्टिंगहाउस डिजिटल या टीव्ही विकणाऱ्या कंपनीविरुद्ध हुकूम झाला. ९० हजार डॉलर नुकसानभरपाई द्यावी आणि उल्लंघन करणारे शिल्लक टीव्ही वादींच्या हवाली करावेत! खुद्द सिस्कोवरही फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला. मे २००९ मध्ये त्याची तडजोड झाली, आणि लिंक्सिसमध्ये या परवान्यांच्या पालनासाठी स्वतंत्र अधिकारी नेमणे सिस्कोला मान्य करावे लागले.

या सर्व दाव्यांत एक उणीव होती. वादी होता तो कोड लिहिणारा किंवा त्याचा प्रताधिकार सांभाळणारी संस्था. पेटी विकत घेणारा ग्राहक कोठेच नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात विझिओ या टीव्ही कंपनीवर ग्राहक म्हणून दावा केला. त्यांचे म्हणणे असे की हा परवाना म्हणजे करारही आहे, आणि तो ज्यांच्या हितासाठी केला ते ग्राहक त्याची अंमलबजावणी मागू शकतात. कंपनीने हे प्रकरण केवळ प्रताधिकाराचे आहे असे म्हणून ते फेडरल न्यायालयात ओढून नेले. २०२२ मध्ये त्या न्यायालयाने ते परत पाठवले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या न्यायालयाने दावा साक्षीपुराव्याविना निकाली काढण्याची कंपनीची मागणी फेटाळली. ग्राहकाला दारात तरी उभे राहू दिले, हे महत्त्वाचे पाऊल आहे.

परंतु कोड मिळाला म्हणजे सर्व मिळाले, या भ्रमात राहू नये. कोड वाचला, दुरुस्त केला आणि पेटीने तो घेण्यास नकार दिला तर? टिव्हो नावाच्या अमेरिकन टीव्ही-रेकॉर्डरने हेच केले. सोर्स कोड नियमाप्रमाणे दिला, पण यंत्र असे बनवले की कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्राम त्यावर सुरूच होऊ नये. पाण्याची मोकळीक कागदावर द्यायची आणि विहिरीवर पहारा बसवायचा, असा हा प्रकार. म्हणून २००७ मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिने घरगुती वापराच्या यंत्रांसाठी बदललेला प्रोग्राम बसवण्याची माहितीही द्यावी अशी अट घातली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. राऊटरमध्ये आणखी एक अडचण होती. ब्रॉडकॉमच्या रेडिओ चिपचा ड्रायव्हर बंदच होता. स्वतंत्र प्रोग्रामरांनी दोन गट केले. एकाने चिपचे वर्तन तपासून वर्णन लिहिले, दुसऱ्याने बंद कोड न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. केवढा हा खटाटोप! आणि तोही एका कंपनीने चार पाने माहिती द्यायचे नाकारले म्हणून.

खुल्या हार्डवेअरचा विचार येथून समजून घ्यावा लागतो. प्रोग्राम खुला आणि यंत्र बंद असेल तर अर्धाच हक्क मिळतो. म्हणून यंत्राचे सर्किट, बोर्डाचा आराखडा, सुट्या भागांची यादी, हे सर्व कोणालाही अभ्यासता, बदलता, बनवता आणि विकता यावे अशा रीतीने जाहीर करायचे. या विचाराची व्याख्या २०११ मध्ये ठरली. त्याआधी २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ गावच्या डिझाइन संस्थेत विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो हा छोटा बोर्ड तयार झाला होता. त्याचे नकाशे खुले ठेवले, नाव तेवढे राखून ठेवले. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याच रचनेचे स्वस्त बोर्ड मिळतात आणि तो चोरीचा माल नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. मालक बदलेल, पण एकदा खुले केलेले नकाशे कोणालाही परत कुलुपात घालता येणार नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने येथे एक पेच आहे. प्रोग्राम ही लिखित कृती आहे, तिला आपोआप प्रताधिकार मिळतो आणि त्या प्रताधिकाराच्या जोरावरच जीपीएलची अट चालते. यंत्राचे तसे नाही. सर्किटच्या चित्राला प्रताधिकार आहे, पण त्या चित्रावरून बनवलेल्या कामाच्या वस्तूला तो सहसा पोचत नाही. म्हणून हार्डवेअरसाठी वेगळे परवाने लिहावे लागले. त्यांतील सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला परवाना जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेचा आहे. तो २०११ मध्ये आला आणि २०२० मध्ये दुसऱ्या आवृत्तीत त्याचे तीन प्रकार झाले. सर्नने तो केवळ लिहिला नाही, वापरला. व्हाइट रॅबिट नावाचे जाळे तेथे विकसित झाले. प्रकाशतंतूच्या इथरनेट जाळ्यावर किलोमीटरांच्या अंतरावरील यंत्रांची घड्याळे एक नॅनोसेकंदाहून कमी फरकाने जुळवण्याचे काम ते करते. त्याच्या स्विचचे नकाशे खुले, आतले लिनक्सवरचे सॉफ्टवेअरही खुले. खाजगी कंपन्या ते बनवतात, विकतात, नफा मिळवतात. पण सर्न कोणा एकीची बांधील नाही. २०१९ मध्ये या तंत्राला घड्याळे जुळवण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात स्थान मिळाले. जनतेच्या पैशातून झालेली रचना जनतेची राहिली. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तेथून आपण विज्ञान घेतो, मग ही रीत का घेऊ नये?

राऊटरच्या बाबतीत हे वर्तुळ नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण होत आले. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीच्या साह्याने स्वतःचा राऊटर काढला. नाव ओपनडब्ल्यूआरटी वन, किंमत ८९ डॉलर, सर्किटचे नकाशे जाहीर. चुकीचा प्रोग्राम भरला तरी यंत्र निकामी होऊ नये म्हणून त्यात दोन वेगळ्या फ्लॅश मेमरी आहेत. मालकाने प्रयोग करावा, चुकावे आणि पुन्हा उभे राहावे, हे गृहीत धरून बनवलेले यंत्र आम्ही प्रथमच पाहतो आहोत. तरीही अतिशयोक्ती करू नये. त्याची मुख्य चिप मीडियाटेकची आहे आणि ती खुली नाही. बोर्ड घरच्या टेबलावर जोडता येतो, चिप मात्र अब्जावधींच्या कारखान्यातच बनते. तेथेही हालचाल आहे. बर्कलीत २०१० मध्ये सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा प्रोसेसरचा खुला आदेशसंच कोणालाही परवाना शुल्काशिवाय वापरता येतो. त्यावर आधारित शक्ती हा प्रोसेसर आयआयटी मद्रासने रचला. त्याच घराण्यातील आयरिस ही चिप २०२५ च्या आरंभी इस्रोच्या सहकार्याने, चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेत बनून आली. आदेशसंच खुला म्हणजे चिप खुली असे नव्हे, पण पाया तरी कोणा कंपनीच्या मालकीचा राहत नाही.

आपल्याकडे कायदा आड येतो का? आम्ही म्हणतो, अमेरिकेपेक्षा कमी येतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच गुन्हा केला, आणि आपल्याच राऊटरमध्ये दुसरा प्रोग्राम भरण्यासाठी २०२१ मध्ये खास सूट मिळवावी लागली. ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने स्पष्ट म्हटले आहे की कायदेशीर ताबा असलेल्याने प्रोग्राममागचे तत्त्व समजून घेण्यासाठी त्याच्या चालण्याचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करणे हे उल्लंघन नाही. तसेच स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल तर ती काढून घेणे हेही उल्लंघन नाही. २०१२ च्या कलम ६५-अ ने कुलूप तोडण्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली, पण ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्याला. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडणाऱ्याला नाही. चिपच्या आराखड्याविषयीचा २००० चा कायदासुद्धा संशोधन, विश्लेषण व अध्यापन यांना मोकळीक देतो. हक्क आहेत. ते मागणारा नाही.

कोणी म्हणेल, आत काय आहे हे सर्वांना दिसले तर चोरालाही दिसेल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने लाखो कॅमेरे व राऊटर ताब्यात घेऊन अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. ती यंत्रे कोड उघड होता म्हणून पडली नाहीत. कारखान्यातून घालून दिलेले पासवर्ड तसेच राहिले होते म्हणून पडली. अनेक यंत्रांत तर ते बदलण्याची सोय मालकाला नव्हती. कुलपाचा आराखडा गुप्त ठेवणे आणि कुलूप मजबूत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सरकारने २०१५ मध्येच आपल्या कारभारात ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते धोरण भिंतीवरच्या पेटीपर्यंत आले पाहिजे. आता भारतनेट म्हणून ओळखले जाणारे, अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याचे काम २०११ पासून चालू आहे. एवढी यंत्रे जनतेच्या पैशाने घेताना निविदेत तीन अटी असाव्यात: फर्मवेअरचा सोर्स कोड खरेदीदाराला मिळावा, बदललेला प्रोग्राम भरता यावा, आणि बोर्डाचे नकाशे व दुरुस्तीची माहिती खुली असावी. हे अशक्य असल्याचे आम्हाला कोणी सांगू नये. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारे टेलिफोन एक्स्चेंज रचले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे पहिले बसले, आणि ती रचना एका कंपनीच्या हाती न ठेवता अनेक उत्पादकांना दिली गेली. ते खुले हार्डवेअर नव्हते, पण ज्ञान वाटल्याने उत्पादन वाढते हे त्यावेळी सरकारला ठाऊक होते.

२०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढले. त्यात शेतीची अवजारे आहेत, मोबाइल आहेत, वाहने आहेत. आतल्या प्रोग्रामशिवाय यांतील किती यंत्रे आज दुरुस्त होतील? आमच्या वस्तीतील पदवीधर मुलगा हातात पक्कड घेऊन बसला आहे, त्याला बुद्धीची उणीव नाही. त्याला नकाशा हवा आहे. तो दिला नाही तर तो आयुष्यभर पेट्या बदलून देणारा डिलिव्हरीचा माणूसच राहील.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे साधे आहे. खोक्यातला कागद फेकू नका. त्यावर जीपीएल हा शब्द आणि देकार असेल तर पत्र लिहा, पोचपावती जपून ठेवा. ग्रामपंचायतीतील, शाळेतील, वसतिगृहातील यंत्रांच्या खरेदीच्या अटी माहितीच्या अधिकारात मागा. आमच्या तिसऱ्या पत्राचीही मुदत उलटली आहे. आता चौथे पत्र जाणार नाही, वकिली नोटीस जाईल.